तुझी डावी पोटरी

पास्कू, काल तुझ्या महिन्याच्या मिस्सेला आलो होतो. भाईंदरहून डोंगरीची बस धरली. इतक्या वर्षांत तुझ्या गावाला मी बसने पहिल्यांदाच आलो. सायकल बिल्डिंगच्या जिन्याखाली उभी आहे, पुढच्या चाकातली हवा गेलीय आणि मी भरलेली नाही. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. सगळ्यांनी गुडघे टेकले तेव्हा मीही टेकले. फादर तुझं नाव घेत होते आणि मी मान खाली घालून माझ्या हातांकडे बघत होतो.

मिस्सा झाल्यावर तुझ्या घरी गेलो. तिथे जे झालं ते मी घरी सांगितलेलं नाही, शाळेत सांगण्याचा प्रश्नच नाही. तुला सांगतोय, कारण सगळ्या जगात ऐकून घ्यायचा हक्क फक्त तुझा आहे आणि तू उलट बोलणार नाहीस. तू उलट बोलला असतास तर किती बरं झालं असतं.

आपली ओळखच मुळी पोटरीवरून झाली. अठ्ठ्याऐंशी साली मी लालबागची खोली सोडून पेणकरपाड्याजवळच्या नव्या बिल्डिंगीत राहायला आलो होतो. पाणी टँकरचं, रस्ता नावापुरता, ओळखीचं कोणी नाही. शाळेत पीटी शिकवणारा माणूस, रविवारी घरात बसवेना, म्हणून जुनी सायकल घेऊन भटकायचो. राई-मुर्ध्याच्या रस्त्याला मिठागरांच्या कडेला तू बसला होतास. सायकल आडवी पडलेली, दोन्ही हातांनी पोटरी धरलेली, आणि तोंडाने देवाला आणि सायकलला एका दमात शिव्या चाललेल्या. पायात गोळा आला होता. मी काही न विचारता तुझी टाच एका हातात धरली, दुसऱ्या हाताने पायाची बोटं तुझ्याकडे वाकवली आणि मोजायला लागलो. वीस आकड्यांपर्यंत तू मला शिव्या दिल्यास. पंचविसाला गप्प झालास. तिसाला म्हणालास, "तुमच्या हाताला गुण हाय, मास्तर." मी मास्तर आहे हे मी तुला सांगितलं नव्हतं. माझ्या मोजण्यावरून तू ओळखलंस.

तिथून पुढे रविवार तुझे झाले. सकाळी भाईंदरच्या रेल्वे फाटकापाशी भेटायचं, घोडबंदर रस्त्याला लागायचं, चेणेपर्यंत जायचं, तिथे चहा घेऊन परत फिरायचं आणि थेट तुझ्या ओट्यावर येऊन पडायचं. मी हौसेने सायकल चालवायचो. तू रोज डोंगरी ते भाईंदर जात-येत होतास, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात दिवसभर पॉलिशच्या मशीनसमोर उभा राहत होतास, आणि तरी सातव्या दिवशी माझ्याबरोबर यायचास. एकदा विचारलं तर म्हणालास, सहा दिवस सायकल मला नेते, एक दिवस मी तिला नेतो. समोरून खाडीचा वारा आला की न सांगता पुढे व्हायचास. तुझ्या रुंद पाठीमागे मला वारा लागायचा नाही. आठ वर्षं मी तुझ्या आडोशाने सायकल मारली आणि मनात समजत होतो की तुला शिकवतो मी.

ओट्यावरचा कार्यक्रम माझा असायचा. आधी दोघांनी पाठीवर पडून भिंतीला पाय लावायचे, वीस मिनिटं. मग भिंतीला हात टेकून पोटऱ्यांना ताण, मग मांड्यांना, प्रत्येक ताण तीस आकडे. मग फिलोमिना वहिनी गरम पाण्याच्या बादल्या आणायच्या, त्यात मिठागरातलं जाडं मीठ टाकायचं आणि पाय सोडून बसायचं. शेवटी लसूण घालून कढवलेलं खोबरेल. मी तुझे पाय चोळायचो, तू माझे, आणि तुझा हात असा होता की मशीनवर भांडं धरलंय असं वाटायचं. शेजारच्या बायका येता-जाता वहिनींना म्हणायच्या, काय गं, दोन्ही बाळंतिणी बऱ्या हायत ना. तू पडल्या पडल्या ओरडायचास की एक बरी आहे, एकीचं डोकं फिरलंय.

तुझा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. शेतातून आलेला बैल भिंतीला पाय लावून झोपतो का, हा तुझा ठरलेला सवाल. त्याला पाणी पाजतात आणि बसू देतात. मी म्हणायचो की बैल दिवसभर पॉलिश मारत नाही. तुझं औषध म्हणजे दर्या. उत्तनला जायचं, गुडघाभर पाण्यात पंधरा मिनिटं गप्प उभं राहायचं, बस. मी सांगायचो की गार पाण्याने स्नायू आखडतात, पुस्तकात लिहिलंय. तू म्हणायचास, पुस्तक लिहिणाऱ्याला घेऊन ये, त्याला पण उभा करतो. आठ वर्षं हा वाद चालला आणि तो माझ्या बाजूने सुटला असं मी धरून चाललो होतो, कारण तू दर वेळी हसून माझ्या पुढ्यात पाय पसरायचास.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. दोन वर्षांपूर्वी एकदा तुझ्या ओट्यावरून निघाल्यावर मी एकटा उत्तनच्या किनाऱ्याला गेलो होतो आणि पाण्यात उभा राहिलो होतो. पंधरा मिनिटं, तू म्हणायचास तशी. दुसऱ्या दिवशी माझे पाय अजिबात दुखले नाहीत. हे तुला सांगायला मला लाज वाटली. लाजेपेक्षा खरं म्हणजे तोरा होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस, त्याला कोणी थोडं धुतलं तरी राग येतो. तेव्हाच कबूल केलं असतं की मास्तरला सगळं कळत नाही, तर पुढच्या वेळी तू माझं इतकं ऐकलं नसतंस. असं मला वाटतं. आता रोजच वाटतं.

मग कारखान्यात पत्र्याची थप्पी तुझ्या डाव्या पायावर आली. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तू आयुष्यात पहिल्यांदा ओट्यावर नुसता बसलास. तुझ्या सुपरवायझरने निरोप पाठवला की महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो, नंतरच्या सोमवारी मशीनवर उभा राहिला नाहीस तर दुसरा माणूस घेणार. तू तो निरोप मला सांगितलास तेव्हा हसत होतास, पण वहिनी आत जाऊन उभ्या राहिल्या. मी छाती फुगवून म्हणालो, काळजी करू नकोस, सोमवारी तुला मी उभा करतो.

प्लास्टर निघालं तेव्हा तुझी पोटरी बघून मला धक्का बसला होता. कातडी सुरकुतलेली, मांस गेलेलं, दुसऱ्या पायाच्या निम्मी. मी तुला ते जाणवू दिलं नाही. शाळा सुटल्यावर दर दोन दिवसांनी येऊ लागलो. आधी बोटं हलवायची, मग घोटा फिरवायचा, मग भिंतीला धरून टाचा उचलायच्या. दुसऱ्या आठवड्यात तू सायकलवर बसलास, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलास आणि पोरासारखा घंटी वाजवलीस. त्या संध्याकाळी घरी परत जाताना मी रस्ताभर एकटाच हसत होतो. मला वाटलं, आयुष्यात काहीतरी नीट जमलं.

शेवटच्या रविवारी आपण भाईंदरपर्यंत जाऊन आलो. सोमवारी जायचंच होतं, म्हणून रंगीत तालीम, असं मी म्हणालो. तू ओट्यावर बसलास आणि पॅण्ट वर केलीस. डावी पोटरी फुगली होती, कातडी ताणून चकाकत होती, हात लावला तर गरम. तू म्हणालास, "आजचं दुखणं निराळं हाय, मास्तर. आतून हाय."

हे वाक्य मी रोज ऐकतो. तुझ्या आवाजात, तेवढ्याच हळू. आठ वर्षांत तू हजार वेळा कुरकुरलास, शिव्या दिल्यास, माझ्या मोजण्याची नक्कल केलीस, पण असं कधी बोलला नव्हतास. ज्याला रोज दुखतं त्याला कुठलं दुखणं आपलं आणि कुठलं परकं हे कळतं. मी तुला उत्तर दिलं. सहा आठवडे झोपलेला स्नायू जागा झालाय, ओरडणारच, असं मी वर्गात सांगतात तसं सांगितलं. सायकल दोन्ही पायांनी चालवतात, मग दुखतो एकच का, सुजतो एकच का, एवढा साधा प्रश्न माझ्या शाळेतल्या पाचवीच्या मुलीने विचारला असता. मी विचारला नाही. वहिनी म्हणाल्या की डॉक्टरला दाखवायचं का. मी म्हणालो, डॉक्टर गोळ्या देईल आणि पंधरा दिवस झोपायला सांगेल, मग गेली जागा. तू एकदा वहिनींकडे बघितलंस, एकदा माझ्याकडे. आणि पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवलास.

मी अर्धा तास चोळला. गरम तेल घेऊन, टाचेकडून गुडघ्याकडे, अंगठे रुतवून. बोटं वाकवून ताण दिला. तू पंचा दातांत धरला होतास. मला ते बघून बरं वाटलं, पास्कू. मला वाटलं, लागतंय म्हणजे लागू पडतंय.

सोमवारी दुसऱ्या तासाला हेडमास्तरांच्या खोलीत माझ्यासाठी फोन आला. तू सायकल काढून अंगणाच्या फाटकापर्यंत आलास आणि तिथेच खाली बसलास, छाती धरून. रिक्षाने भाईंदरच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचलो तेव्हा वहिनी बाकावर बसल्या होत्या, त्यांच्या हातात तुझी एक चप्पल होती. डॉक्टर तरुण होता, त्याला मराठी जेमतेम येत होतं. शिकलेला माणूस दिसला म्हणून त्याने मला बाजूला घेतलं. प्लास्टर होतं का, विचारलं. हो. पायाला सूज होती का? हो. मग विचारलं, कोणी मालिश केली होती का? मी म्हणालो, थोडं तेल लावलं होतं. थोडं, म्हणालो.

त्याने इंग्रजीत बराच वेळ समजावलं. पाय असा बांधून पडला की आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. असा पाय सुजतो, गरम होतो. त्याला चोळायचं नसतं, गुठळी सुटली तर वर जाऊन फुप्फुसात अडकते. बहुधा तसंच झालं असावं. आपोआपही सुटते, खात्रीने कोणी सांगू शकत नाही, हेही तो म्हणाला. मग म्हणाला, त्यांना तुमच्या भाषेत समजावून सांगा.

मी बाकापर्यंत चालत गेलो. दहा पावलं असतील. वहिनींनी मान वर केली. मी म्हणालो, "हार्ट बंद पडलं, वहिनी. कोणी काही करू शकलं नसतं."

इतकी वर्षं मी मुलांना सांगतोय की पडलात तर पडलो म्हणा, दुसऱ्याने ढकललं म्हणू नका. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मूग गिळून बसलो. तुझ्या मयतीला खांदा दिला, लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, मास्तरांचा जिवाभावाचा माणूस गेला. मी ऐकून घेतलं. नंतर मीरा रोडच्या एका डॉक्टरकडे गेलो आणि दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट म्हणून सगळं विचारलं. त्यानेही तेच सांगितलं, वर म्हणाला की कोणा अडाण्याने चोळला असेल. मी फी देऊन बाहेर आलो. शाळेत मुली पायात गोळा आला म्हणून रडत येतात, तर मी हात पाठीमागे बांधून दुसऱ्या बाईंना हाक मारतो. मुलींना वाटतं, सर रागावलेत.

रात्री झोप लागते, हे आणखी वाईट. सकाळी उठतो, दोन मिनिटं काही आठवत नाही, मग आठवतं. यातून बाहेर येण्याचा रस्ता मला एकच दिसत होता, वहिनींना खरं सांगणं. त्या शिव्या देतील, ओट्यावरून खाली उतरवतील, गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीत. चालेल. निदान माझ्यावर रागवायचा त्यांचा हक्क तरी त्यांना मिळेल. महिन्याच्या मिस्सेनंतर सांगायचं, असं ठरवून काल आलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो.

नातेवाईक जेवून गेले, मग वहिनींनी चहा आणला. आपण पडायचो तिथेच बसलो. मी म्हणालो, वहिनी, पास्कूच्या पायाबद्दल बोलायचं होतं. तर त्याच बोलायला लागल्या, जणू कधीपासून कोणी तरी हा विषय काढायची वाट बघत होत्या.

"त्या दिवशी सकाळी पाय टेकवत नव्हता तो. डुटीवर तर जायचं होतं. मी म्हटलं, थांब. तुमी शिकवलंत तसा चोळला, टाचेपासून वर, अंगठा दाबून, चांगला अर्धा तास. मंग उभा राहिला. म्हणाला, फिलू, तुझा हात मास्तरच्या वर गेला. हसला पण. फाटकापर्यंत चालत गेला हो, लंगडत न्हाय गेला. माझ्या हातून शेवटचं तेवढं झालं. त्याच्यावरच दिवस काढतेय मी."

पास्कू, आता जे सांगतो ते ऐकून मला काय म्हणायचं ते म्हण. ते ऐकल्यावर पहिल्या क्षणाला मला सुटल्यासारखं वाटलं. मी रविवारी चोळला आणि तू रात्रभर जिवंत होतास. सोमवारी तिने चोळला आणि तू फाटकाशी पडलास. हा हिशेब माझ्या डोक्याने माझ्या परवानगीशिवाय केला, तुझ्या बायकोच्या समोर बसून, तिचा चहा हातात धरून. एक क्षणच. पण तो आला, आणि मी कसा माणूस आहे हे मला कळलं. शिकवलं कोणी होतं तिला? हे पुढच्या क्षणाला आठवलं.

आणि मग लक्षात आलं की माझा रस्ता बंद झाला. खरं सांगितलं तर मी मोकळा होईन आणि माझं ओझं तिच्या पदरात पडेल. तुझं ते हसणं, लंगडत न गेलेली ती वीस पावलं, सगळं तिच्या हातून जाईल आणि त्या जागी गुठळी येईल. नाही सांगितलं, तर ती मला देवमाणूस समजत राहील. गप्प बसणं हे तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी, हे मला कालपासून ठरवता येत नाहीये, आणि पुढेही येणार नाही. महिनाभर जे भित्रेपण होतं तेच आता दयेचे कपडे घालून बसलंय.

मी कप खाली ठेवला. निघायचं म्हणून उठलो तर वहिनींनी विचारलं, "मास्तर, एक विचारायचं राहिलं. तो दाक्तर तुमच्याशी इंग्लिशमधी एवढा वेळ काय बोलत होता?"

त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. तुझ्याबद्दलचं कोणीतरी काहीतरी बोललं होतं, आणि ते त्यांना मिळालं नव्हतं, एवढंच.

मी म्हणालो, "म्हणत होता, पेशंटची घरच्यांनी फार काळजी घेतलेली दिसतेय."

 वहिनी रडायला लागल्या, मोठ्याने. हॉस्पिटलात रडल्या नव्हत्या, मातीच्या दिवशी रडल्या नव्हत्या. बऱ्याच वेळाने शांत झाल्या, पदराने तोंड पुसलं, आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन कपाळाला लावले.

मी ते सोडवून घेतले नाहीत, पास्कू.